रेल कुठे संपते? मुंबईतल्या एका डॅटसन २४०झेडच्या तळाची दुरुस्ती

तक्रार दाराची होती. पुढून जॅक लावून गाडी उचलली की डावं दार अडकायचं. गाडी जमिनीवर असतानाही जोरात ब्रेक दाबला की डावीकडच्या पायदानापाशी, म्हणजे सीटसमोर पाय ठेवतात तिथे, ‘टक’ असा एकच आवाज यायचा. दोन गॅरेजांनी बिजागऱ्या बदलल्या होत्या, एकाने दाराची कड घासूनही पाहिली होती. मालकीणबाईंचं म्हणणं मात्र वेगळं होतं. “दार बिघडलेलं नाही हो, दाराभोवतीची गाडी हलतेय,” असं त्या पहिल्याच फोनवर म्हणाल्या. त्यांचं निदान बरोबर निघालं.

गाडी १९७२ची डॅटसन २४०झेड, जपानी स्पोर्ट्स कार, उजव्या हाताच्या स्टिअरिंगची. बाईंच्या वडिलांनी ती नैरोबीत घेतली आणि कुटुंब मुंबईला परतलं तेव्हा बोटीने सोबत आणली. त्या काळी पूर्व आफ्रिकेत या गाडीला मोठा मान होता. १९७१ची सफारी रॅली २४०झेडनेच जिंकली. १९७३मध्ये युगांडात वाढलेल्या भारतीय वंशाच्या शेखर मेहतांनी याच मॉडेलवर ती पुन्हा जिंकली, आणि तीही बरोबरीत सुटलेल्या गुणांवर. तिथल्या भारतीय घरांमध्ये ते नाव कौतुकाने घेतलं जायचं, आणि बाईंच्या वडिलांनी ही गाडी निवडण्यामागे ते कौतुक होतंच. हे सांगायचं कारण एवढंच, की या घरासाठी गाडी म्हणजे शोभेची वस्तू नव्हे. ती चालली पाहिजे, कोकणात जाऊन आली पाहिजे, हीच त्यांची अट होती. पुढचे सगळे निर्णय या अटीवरून ठरले.

माझ्याकडे तपासणी, आराखडा आणि मोजमापं होती. वेल्डिंग करणारे मिस्त्री मूळचे मालवणकडचे, माझगाव डॉकमधून निवृत्त झालेले. आयुष्यभर जहाजाच्या जाड प्लेटा जोडलेला माणूस एक मिलिमीटरच्या पत्र्यावर हात कसा धरेल, अशी शंका बाईंच्या भाच्याने काढली. ती रास्त होती. उत्तर पुढे येईलच.

या गाडीचा तळ

२४०झेडला वेगळी चासी नाही. ट्रकला किंवा जुन्या जीपला खाली स्वतंत्र सांगाडा असतो आणि वर बॉडी बोल्टने बसते. इथे बॉडी हीच चासी. दाराखालच्या पेट्या, म्हणजे सिल, मधला गिअरबॉक्सचा बोगदा, छत, फायरवॉल (इंजिन आणि केबिन यांच्यामधली पत्र्याची भिंत) आणि तळाचा पत्रा मिळून भार उचलतात. पुढे इंजिनाच्या दोन्ही बाजूंनी दोन रेल्स, म्हणजे पत्रा वाकवून केलेल्या लांब पोकळ पट्ट्या, निघतात. त्या फायरवॉलखालून वळून पायदानाच्या उतारावर येतात आणि तळाच्या पत्र्याला खालून चिकटून सीटच्या दिशेने मागे जातात. आणि २४०झेडमध्ये त्या तळाच्या मध्यावरच संपतात. मागच्या सस्पेन्शनपर्यंत त्या पोचत नाहीत.

कारखान्याने आळस केला, असं याचं सरसकट स्पष्टीकरण दिलं जातं. मला ते पटत नाही. गाडी हलकी ठेवायची होती, किंमत आटोक्यात ठेवायची होती, आणि मूळ पत्रा निरोगी असेल तर सिल आणि बोगदा मिळून मधला भार व्यवस्थित पेलतात. रेल संपते तिथे ती निमुळती होते, त्यामुळे तिच्यातला भार हळूहळू तळाच्या पत्र्यात उतरतो. अडचण गंजाची आहे. हा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपासचा. त्यातला एक चतुर्थांश गंजाने खाल्ला तरी वरून रंग शाबूत दिसतो आणि आतून हिशेब बिघडलेला असतो.

रेलवर येणाऱ्या भारातला एक नीट समजून घेण्यासारखा आहे. पुढच्या चाकाच्या खालच्या आर्मपासून एक दांडी तिरकी मागे जाते आणि रेलला जोडलेल्या वाटीत, रबरी बुशमध्ये अडकते. ब्रेक दाबला की जमीन चाकाला मागे ढकलते, चाक या दांडीला ढकलतं आणि दांडी रेलला. म्हणजे गाडी थांबवणाऱ्या बळाचा मोठा वाटा पायदानाखालच्या त्या हातभर पट्ट्यातून बॉडीत शिरतो. बाईंना ऐकू येणारा ‘टक’ नेमका तिथूनच येत होता.

खाली काय निघालं

गाडी चार घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडांवर घेतली आणि तळाचं डांबर खरवडायला सुरुवात केली. डाव्या रेलच्या बाजूने डांबराखाली जाड लोखंडी अँगल निघाला. चाळीस मिलिमीटरचा, पाच मिलिमीटर जाड, आर्क वेल्डिंगने लांबलचक टाके घालून बसवलेला. बाईंना आठवलं, की २६ जुलै २००५च्या पुरात गाडी कलिन्याला एका नातेवाइकांच्या आवारात उभी होती. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता आणि पाणी सीटच्या वर गेलं होतं. त्यानंतर एका गॅरेजने ‘चासी मजबूत करून दिली’ होती. हाच तो अँगल.

या दुरुस्तीत तीन गोष्टी एकमेकींवर चढल्या होत्या. पहिली, सडलेली रेल काढलीच नव्हती. तिच्यावर अँगल टेकवून जोडला होता, त्यामुळे दोन लोखंडांमधल्या फटीत पुराचं खारट, गढूळ पाणी अडकून राहिलं आणि गंज तिथून पुढेच जात राहिला. दुसरी, एक मिलिमीटरच्या पत्र्यावर अडीच मिलिमीटरच्या रॉडने आर्क मारल्यामुळे टाक्याची कड खोल कापली गेली होती. तिसरी सगळ्यांत घातक. अँगलचं पुढचं टोक चौकोनी कापलेलं होतं आणि ते दांडीच्या वाटीच्या अगदी मागे, बोटभर अंतरावर संपत होतं.

त्या टोकापाशीच रेलला तडा होता. टॉर्च मारून, रंग ब्रशने झाडून पाहिला तर टाक्याच्या कडेला लागून वर चढत गेलेला. एका बाजूला पाच मिलिमीटरचा न वाकणारा अँगल, दुसऱ्या बाजूला एक मिलिमीटरचा गंजलेला पत्रा. प्रत्येक ब्रेकला जेवढं वाकायचं ते सगळं त्या एका रेघेवर वाकत होतं.

मिस्त्री खाली सरपटत गेले, अँगलच्या टोकावर बोट ठेवून बराच वेळ बघत राहिले. मग बाहेर येऊन म्हणाले, “भाऊ, जहाजाच्या प्लेटीवर दुसरी प्लेट चढवायची तर तिचा कोपरा कधी चौकोनी ठेवत नाहीत. गोल करतात नाहीतर निमुळता नेतात. चौकोनी टोकाला तडा ठरलेला.”

मला या कामाबद्दल जे सांगायचं आहे ते त्यांच्या या तीन वाक्यांत आहे. मजबुतीकरण म्हटलं की लोक जाडी विचारतात. विचारायला हवं ते हे, की नवी रेल कुठे सुरू होते, कुठे संपते, आणि संपते तिथे भार कुणाच्या हाती देते.

टोचा घेऊन बाकीचा तळ तपासला. डाव्या पायदानाचा उतार, तळाचा पुढचा कोपरा आणि डाव्या आतल्या सिलचा पुढचा भाग टोच्याने आरपार जात होता. उजवी रेल तुलनेने बरी होती, पण जॅक थेट रेलखाली लावायच्या सवयीने ती दोन ठिकाणी चेपली होती. बॅटरीच्या तबकाखाली ॲसिड झिरपून पत्रा पातळ झाला होता. पुढच्या क्रॉसमेंबरच्या, म्हणजे दोन्ही रेल्सना जोडणाऱ्या आडव्या तुळईच्या, बोल्टच्या जागा शाबूत होत्या. मोठा दिलासा तोच, कारण त्याच आमच्या मोजमापाच्या आधाराच्या खुणा.

मोजमाप

महागड्या फ्रेम बेंचशिवाय हे काम होऊ शकतं, पण मोजल्याशिवाय नाही. आम्ही ओळंबा, पोलादी टेप आणि गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी एवढंच वापरलं. क्रॉसमेंबरचे बोल्ट आणि मागच्या सस्पेन्शनचे बोल्ट यांच्या जागा ओळंब्याने जमिनीवर उतरवल्या आणि दोन्ही कर्ण मोजले. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधलं अंतर कारखान्याच्या आकड्याप्रमाणे २३०५ मिलिमीटर आहे. उजवीकडे ते मापाच्या चुकीच्या मर्यादेत जुळलं, डावीकडे काही मिलिमीटर कमी भरलं. पाण्याच्या नळीने सिलची पातळी घेतली तेव्हा डावी सिल मध्यभागी खाली झुकलेली दिसली, आणि दाराची वरची फट मागच्या कोपऱ्यात चिमटलेली.

याचा अर्थ असा, की अँगल बसवला तेव्हा गाडी दोन टोकांवर उभी होती आणि मधला भाग लोंबत होता. त्याच अवस्थेत टाके मारले गेले आणि झोल कायमचा पक्का झाला. म्हणून नवीन काही जोडण्याआधी हा अँगल निघायला हवा होता. काढतानाही घाई चालणार नव्हती, कारण ताण अचानक मोकळा झाला तर पातळ पत्रा कुठेही सुरकुततो.

निर्णय

या टप्प्यावर तीन मतं होती.

भाच्याचं मत तयार किटच्या बाजूने होतं. या मॉडेलसाठी अमेरिकेत जाड पत्र्याच्या रेल्स तयार मिळतात. त्या मूळ रेलवर बाहेरून बसतात आणि थेट मागेपर्यंत जातात. त्याने फोटो दाखवले, काम सुबक होतं. निरोगी गाडीला, विशेषतः जास्त ताकदीचं इंजिन घातलेल्या गाडीला, तो चांगला मार्ग आहे. इथे मात्र खालची रेल सडलेली होती, आणि तिच्यावर काहीही चढवणं म्हणजे २००५ची चूक चांगल्या पत्र्यात पुन्हा करणं. शिवाय बाहेरून चढवलेली रेल गाडीची जमिनीपासूनची उंची कमी करते. मुंबईतले गतिरोधक पाहता तो विचार करावाच लागतो.

दुसरं मत होतं, सगळं अगदी मूळ जाडीत, मूळ लांबीत करा आणि गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवा. जुलै २०२१मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांसाठी वेगळी तरतूद केली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली, मूळ रूपात राखलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी ‘व्हीए’ अक्षरांच्या वेगळ्या नंबरावर नोंदवता येते. नव्या नोंदणीला २० हजार रुपये शुल्क आणि दहा वर्षांची मुदत. गाडी वयाने त्यात बसत होती. पण त्या नंबरावर रोजच्या वापरासाठी रस्त्यावर जाता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन आणि देखभाल एवढ्यापुरतीच मुभा. बाईंनी कागद शांतपणे वाचला आणि म्हणाल्या, “म्हणजे गुहागरला जायचं तर आधी रॅली भरवायला हवी. नको. बाबांची गाडी चालवायची आहे, दाखवायची नाही.”

त्यांचा हा निर्णय मला मनापासून आवडला. तरी एक गोष्ट त्यांना स्पष्ट सांगितली. आज जो बदल करू त्याने उद्याचं दार बंद होऊ शकतं, म्हणून बदल शक्य तितका कमी आणि नोंदवलेला असावा. कामाआधीचे आणि नंतरचे फोटो, पत्र्याची जाडी, रेलची मापं अशी फाइल आम्ही पहिल्या दिवसापासून ठेवली. कापलेल्या मूळ रेलचा एक चांगला तुकडाही जपून ठेवला आहे.

तिसरा आणि शेवटी ठरलेला मार्ग असा. सडलेली रेल पूर्ण काढायची. नवी रेल मूळ रेलच्या मार्गाने, मूळ उंची-रुंदीची, पण १.६ मिलिमीटर पत्र्याची करायची. ती तळाच्या मध्यावर न थांबवता निमुळती करत मागे न्यायची आणि सीटच्या मागे, तळ वर चढतो तिथल्या घडीच्या भक्कम भागात विसावू द्यायची. सिल आधी दुरुस्त करायची, रेल नंतर.

१.६च का, तीन का नाही, हा प्रश्न भाच्याने चिकाटीने विचारला, आणि तो विचारायलाच हवा होता. अशा पातळ पत्र्याच्या पेटीत पत्रा दुप्पट जाड केला तर वाकण्याला होणारा विरोध साधारण दुप्पट होतो. पेटीची उंची दुप्पट केली तर तो चौपटीहून जास्त वाढतो. म्हणजे ताकद मुख्यतः आकारात आहे. आणि बंद पेटी पिळाला जो विरोध करते, तो उघडा अँगल जवळजवळ करतच नाही. बुटांच्या खोक्याचं झाकण काढून ते हातात पिळून पाहा, मग झाकण चिकटवून पिळा, फरक लगेच कळतो. आपली रेल तळाच्या पत्र्याशी मिळूनच बंद पेटी होते. म्हणून तळाचा पत्रा निरोगी हवा आणि दोघांमधला सांधा सलग भार देणारा हवा. तीन मिलिमीटरची रेल एक मिलिमीटरच्या तळावर बसवली तर सांधाच सगळ्यांत कमकुवत दुवा ठरतो. वजनाचा हिशेबही केला. दीड मीटर लांबीच्या, उलगडून दोनशे मिलिमीटर रुंदीच्या पट्टीचं वजन १.६ जाडीत पावणेचार किलोच्या आसपास, तीन जाडीत सात किलो. फरक फार नाही. आक्षेप वजनाला नव्हता, कडकपणाच्या अचानक उडीला होता.

पत्रा आणि नमुने

पत्रा कळंबोलीच्या लोखंड बाजारातून घेतला. थंड लाटलेला, सौम्य पोलादाचा, आयएस ५१३ मानकाचा. झिंक चढवलेला पत्रा मुद्दाम टाळला, कारण वेल्ड करताना झिंकचा धूर निघतो, टाका सच्छिद्र होतो आणि मिस्त्रींना ताप भरतो. पुठ्ठ्याचे साचे करून साकीनाक्याच्या एका गाळ्यात प्रेस ब्रेकवर पट्ट्या वाकवल्या. पायदानाचं वळण एका घडीत बसत नाही. तिथे रेलच्या कडांना कापे देऊन, हातोडीने बसवून, कापे पुन्हा भरून घेतले. हे काम बघायला वेळ लागतो आणि मी ते सगळं बघितलं. घाईत केलेलं वळण इथे लगेच ओळखू येतं, कारण पेटीची उंची नेमकी सगळ्यांत जास्त भाराच्या ठिकाणी कमी होते.

मग आली ती शंका: जहाजाचा हात, पातळ पत्रा. मिस्त्रींनी ती स्वतःच सोडवली. गाडीला हात लावण्याआधी त्यांनी १.६चे आणि जुन्या तळाच्या पत्र्याचे तुकडे घेतले, वरच्या तुकड्याला आठ मिलिमीटरची भोकं पाडली, मिगने, म्हणजे वायर आणि गॅसच्या वेल्डिंगने, भोकातून टाके भरले, तुकडा शिकंज्यात धरला आणि छिन्नीने सांधा फाडला. चांगल्या टाक्यात फाडताना टाका सुटत नाही, पातळ पत्र्यातून गोल टिकली उपटून येते. टाका नुसता सुटून निघाला तर तो वर बसलेला होता, मुरलेला नव्हता. पहिले नमुने त्यांनी स्वतःच नापास केले. करंट आणि वायरचा वेग बदलत गेले. ०.८ मिलिमीटरची वायर, नुसत्या कार्बन डायऑक्साइडऐवजी आरगॉन-मिश्रित गॅस, आणि आर्कचा रोख जाड पत्र्याकडे. ओळीने सगळ्या टिकल्या उपटून येऊ लागल्या तेव्हाच ते म्हणाले, “आता ताईंच्या गाडीला लावतो.”

हे फाडून बघणं माझ्या मते संपूर्ण कामातला सगळ्यांत मोलाचा तास. खर्च जवळजवळ शून्य, आणि ते न करता कुणी रेल लावून देत असेल तर टाका वरून कितीही देखणा दिसो, आत काय आहे ते कुणालाच माहीत नसतं.

जोडणी

इंजिन, गिअरबॉक्स, सीटा, वायरिंगचा पुढचा भाग, सगळं आधी काढलं. पेट्रोलची टाकी काढून आवाराबाहेर नेली. इंधनाच्या आणि ब्रेकच्या नळ्या तळातून जातात, त्याही सोडवल्या. तळावर आतून कारखान्याने चिकटवलेल्या डांबरी चादरी असतात. त्या खरवडल्याशिवाय खालून वेल्ड केलं तर आत आग लागते. तरी ओलं गोणपाट, वाळूची बादली आणि आग विझवायचं सिलिंडर हाताशी होतं, आणि शेवटच्या टाक्यानंतरही कुणीतरी तास-दीड तास गाडीपाशी थांबायचं हा नियम पाळला.

घोड्या सस्पेन्शनच्या जागी, म्हणजे गाडीचं वजन खरोखर जिथे येतं तिथे लावल्या. डाव्या सिलखाली लाकडाचा ओंडका आणि स्क्रू जॅक. अँगलचे टाके ग्राइंडरने एकाआड एक सोडवत गेलो आणि प्रत्येक टप्प्यावर जॅक थोडा वर. दाराची फट वर-खाली सारखी झाली, पाण्याच्या नळीने सिल सरळ दाखवली, कर्ण जुळले, तेव्हा दाराच्या चौकटीत पाइपचे आडवे-तिरके आधार टाके मारून बसवले. आता गाडी वाकू शकत नव्हती. मग आतली सिल, मग पायदानाचा उतार, मग तळाचा कोपरा, आणि त्यानंतर रेल. एका वेळी एकच बाजू. डावी पूर्ण होईपर्यंत उजवीला हात लावला नाही.

जहाजावरच्या सवयीचा खरा फायदा इथे झाला. वितळलेलं लोखंड थंड होताना आकसतं आणि पत्रा ओढतं. ओळीने सलग टाके मारले तर तळ केळीच्या पानासारखा सुरकुतेलच, वर रेलही धनुष्यासारखी वाकेल. मिस्त्रींनी मधल्या भोकापासून सुरुवात केली, मग एकदा पुढे, एकदा मागे, आणि टाक्याला हात लावता येईल इतका तो निवेपर्यंत शेजारचा मारला नाही. भोकं चाळीस मिलिमीटर अंतरावर होती. पायदानाखाली आणि दांडीच्या वाटीभोवती मात्र भोकांवर न थांबता वीस-पंचवीस मिलिमीटरचे तुटक टाके कडेनेही घातले. वाटी जुनीच ठेवली. तिच्यामागे रेलच्या आत एक आडवा पडदा बसवला, म्हणजे दांडीचा धक्का रेलच्या एका भिंतीवर न येता दोन्ही भिंतींत वाटला जाईल. माझ्या आराखड्यातला हा एकच भाग मूळ गाडीत नव्हता, आणि तो मी आग्रहाने घातला.

मागचं टोक माशाच्या शेपटीसारखं दोन निमुळत्या जिभांत कापलं आणि त्या टोकांच्या अगदी शेवटच्या बोटभर भागात आडवा टाका मुद्दाम मारला नाही. आडवा टाका तिथे तडा बोलावतो. उभे टाके जिभांच्या कडेने थांबतात आणि भार पत्र्यात पसरू देतात.

एक व्यवहाराची गोष्ट. गाळा खाडीच्या बाजूचा, दुपारी वारा सुटायचा आणि गॅसचं आवरण उडून टाके सच्छिद्र व्हायचे. दुपारचं वेल्डिंग बंद करून सकाळी केलं, पंखेही बंद. दिवाळी ते होळी हा काळ धरला होता तोही याचसाठी. मुंबईच्या पावसाळ्यात उघडा पत्रा रात्रीतून लाल होतो.

गंज

सांध्यात येणाऱ्या पृष्ठभागांना झिंकचं वेल्डेबल प्रायमर लावलं, टाक्याच्या जागा तेवढ्या घासून मोकळ्या ठेवल्या. बाहेरून इपॉक्सी प्रायमर, सांध्यांवर सीलर, मग रंग. डांबर नाही. बाई आधी डांबरासाठी आग्रही होत्या, कारण ‘पूर्वीपासून लावतात’. डांबर सुकून तडकलं की त्याच्यामागे पाणी अडकतं आणि तडे दिसत नाहीत. या गाडीतला तडा इतकी वर्षं लपला तो डांबरामुळेच, हे दाखवल्यावर त्यांनी होकार दिला. रेलला सर्वांत खालच्या ठिकाणी पाणी निथळायची भोकं ठेवली आणि आतून पोकळीचं मेण फवारलं. मेण शेवटी, सगळं वेल्डिंग संपल्यावर. ते पेटतं.

निकाल

आधार काढले, इंजिन-गिअरबॉक्स बसवले आणि सुरुवातीचीच चाचणी केली: पुढून जॅक, दाराच्या फटीत फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या). आधी डाव्या दाराच्या वरच्या फटीत जवळजवळ चार मिलिमीटरचा फरक पडायचा. आता एक मिलिमीटरच्या आत राहतो, आणि दार उचललेल्या गाडीवरही एका बोटाने लागतं. ब्रेकचा आवाज गेला. कर्ण जुळलेले राहिले, म्हणजे वेल्डिंगने गाडी ओढली गेली नाही.

या सुधारणेचं सगळं श्रेय रेलला देऊ नये. माझ्या अंदाजाने निम्म्याहून जास्त फरक दुरुस्त झालेल्या सिलचा आणि तळाचा आहे. सिल तशीच ठेवून नुसत्या जाड रेल्स लावल्या असत्या तर दार कदाचित सुधारलं असतं, पण रेलच्या मागच्या टोकाला नवा ताण सुरू झाला असता. उजवी रेल आम्ही पूर्ण बदलली नाही. चेपलेले दोन भाग कापून त्याच १.६च्या पत्र्याने भरले आणि मागचा निमुळता भाग डावीसारखाच जोडला, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या कडक राहतील. एका बाजूला लवचीक आणि दुसऱ्या बाजूला ताठ अशी गाडी ब्रेकला एकीकडे ओढते.

बाईंना देखभालीच्या तीन सूचना लिहून दिल्या. जॅक फक्त सिलच्या ठरलेल्या जागी किंवा क्रॉसमेंबरखाली लावायचा, रेलखाली कधीच नाही. टायरवाल्याला हे दर वेळी उभं राहून सांगावं लागतं आणि ते सांगायचं. पावसाळ्याआधी निथळायची भोकं तारेने मोकळी करायची. आणि पहिल्या हजार किलोमीटरनंतर गाडी घोड्यांवर घेऊन वाटीच्या मागचे आणि मागच्या जिभांचे टाके ब्रशने साफ करून पाहायचे. ही पहिली तपासणी झाली आहे. टाक्यांना केसाएवढाही तडा नव्हता. डाव्या जिभेपाशी सीलर उचललेला दिसला, तो काढून पुन्हा भरला. पुढची तपासणी दिवाळीनंतर, गुहागरची फेरी झाल्यावर ठेवली आहे.